होड्या वर ओढल्यावर

२४ एप्रिल १९८६, गुरुवार

सेंट जॉन्सहून प्रकाशनाच्या हिस्कॉकबाईंचा फोन. गाण्यांचं पुस्तक जूनअखेर छापखान्यात गेलंच पाहिजे. मी म्हटलं, जाईल. त्यांनी विचारलं, सगळी गाणी पुरी आहेत ना? मी म्हटलं, आहेत. फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडले. एक गाणं पुरं नाही, आणि नेमकं तेच, ज्याच्यापायी मी हा सगळा उपद्व्याप मागे लावून घेतला.

ते स्टेशिया मावशीचं गाणं. मावशी चौऱ्याऐंशीची आहे, सख्खी कुणाचीच नाही आणि मावशी गॅनेट कोव्ह या आमच्या अख्ख्या गावाची. इथे गाणं एकेकाच्या मालकीचं असतं. मालक जिवंत असेपर्यंत दुसरा कोणी त्या गाण्याला तोंड लावत नाही. मावशीचं गाणं हॅरिएट नावाच्या होडीचं. पाच जण वसंतात समुद्रावर जातात, वारा फिरतो, धुकं उतरतं, बायका कड्यावर दिवे घेऊन बसतात, आणि तिथे मावशी तोंड मिटते. पुढे एक कडवं आहे. ते कधी म्हणायचं? तर होड्या वर ओढल्यावर. म्हणजे डिसेंबरात, सगळ्या होड्या रहाटाने काठावर ओढून झाल्या की. गावातल्या एका जरी होडीखाली पाणी असेल तोवर ते कडवं निघत नाही.

आणि दर एक डिसेंबरला मी सेंट जॉन्सला गिटार शिकवायला जाते ती एप्रिलात परत येते. इथे घर केलं तेव्हापासून हेच चाललंय. पोटासाठी जावं लागतं, त्याला इलाज नाही. पण त्यामुळे अख्ख्या गावाला पाठ असलेलं कडवं मी एकटीने ऐकलेलं नाही. त्यात काय असणार ते उघड आहे म्हणा. असल्या गाण्यात शेवटी सगळे बुडतात.

संध्याकाळी अँब्रोज व्हिफन गिटारच्या क्लासला आला. तीन वर्षं झाली, 'जी' कॉर्डच्या पुढे गाडी सरकत नाही. त्याच्या डाव्या हाताचं एक बोट मासेमारीच्या यंत्रात चेचलं गेलंय, त्यामुळे 'एफ' त्याला या जन्मी जमायचा नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "घाई नाही, बाई." दाढी घोटून, केस पाण्याने चापून बसवून आला होता. क्लासनंतर कुठेतरी जायचं असावं.

१ मे, गुरुवार

मावशीकडे गेले होते. मी एक पळवाट शोधून काढली होती आणि त्यावर खूश होते. म्हटलं, "मावशी, गाऊ नका. नुसतं सांगा. सांगणं म्हणजे काही गाणं नव्हे."

मावशीने विणकाम थांबवलं. "पोरी, तू आमची गाणी गोळा करतेस ना?"

"करते."

"मग गाणं संपतं कसं ते बघितलंच नाहीस?"

माझी मलाच लाज वाटली. इथले जुने गाणारे शेवटचे दोन-तीन शब्द गात नाहीत, बोलतात. गाता गाता सूर सोडतात आणि शेजारच्याला काहीतरी सांगावं तसे साधे बोलून मोकळे होतात. बोलले की गाणं संपलं, मग टाळ्या, मग दुसऱ्याची पाळी. हे मी माझ्या प्रस्तावनेत पानभर लिहिलंय.

"नुसतं गायलं तर एक वेळ चालेल," मावशी म्हणाली, "पण बोललं म्हणजे झालंच. ते तर मुळीच नाही." मग माझ्या गिटारकडे सुई रोखून म्हणाली, "आणि तो डबा पुढच्या वेळी घरी ठेवून ये. त्याच्यासोबत गायला लागले तर श्वासही त्याला विचारून घ्यावा लागतो."

येताना बेकॲपल नावाच्या रानफळाच्या मुरंब्याची बरणी दिली. रागावली नव्हती, पण हललीही नाही.

२२ मे, गुरुवार

बारीक पाऊस. खाऱ्या हवेने तारा पुन्हा गंजल्या.

जेराल्डीनला विचारलं. जेराल्डीन माझी शेजारीण, अँब्रोजची थोरली बहीण, जिच्या पोटात कुणाचं काही राहत नाही. तीसुद्धा म्हणाली, "मावशीचं आहे ते. मावशीला विचार." फॉन्सच्या दुकानात विचारलं, तर तो पीठ तोलायला लागला.

क्लासला अँब्रोज नेहमीसारखा वेळेवर हजर. कागदात गुंडाळून कॉड माशाच्या जिभा आणल्या होत्या, साफ केलेल्या. 'जी' वाजवला. मी म्हटलं, आता 'सी' वर जा. तो गेला नाही. म्हणाला, "बाई, यंदा हिवाळ्यात इथेच थांबा की."

"कशाला?"

"कडवं ऐकायला."

"अहो, पुस्तक जूनमध्ये जातंय. डिसेंबरात ऐकून काय उपयोग?"

यावर त्याने बराच वेळ गिटारच्या भोकात बघितलं. मग पुन्हा 'जी' वाजवला. माणूस चांगला आहे, पण कान नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली, घरी करमत नसेल म्हणून येतो बिचारा. जिभा डुकराच्या चरबीत तळल्या. उत्तम झाल्या.

९ जून, सोमवार

झालं काम! हिस्कॉकबाईंना आता काय सांगायचं याचा दोन आठवडे घोर लागला होता. आज सकाळी उठले आणि ठरवलं, पुरे झालं. गाणी लिहिणं हा माझा धंदा आहे. शेवटचं कडवं मीच जुळवते आणि खाली टीप देते. आधीचं कडवं असं संपतं:

धुक्यात दिवे लावून बसल्या, डोळा लागेना,
हॅरिएटची शीळ कुणाच्या कानी येईना.

आणि माझं:

पाचही गेले, लाट मिटली, उरली नाही खूण,
काठावरच्या दिव्यातली वात गेली विझून.

चांगलं आहे. उगाच विनय कशाला? स्टोव्हने स्वयंपाकघर तापलं होतं म्हणून खिडकी उघडली, आणि गिटार घेऊन अख्खं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. शेवटचे शब्द इथल्या रीतीप्रमाणे बोलले. 'गेली विझून.' अंगावर काटा आला.

खिडकीबाहेर जेराल्डीन कपडे वाळत घालत होती. तोंडात चिमटे धरूनच आली. "ते काय होतं?"

"शेवटचं कडवं. मी केलं."

तिने चिमटे काढले. "मेना, ते तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

तिने चिमटे परत तोंडात घातले आणि गेली. मला हसूच आलं. आता या क्षणी इतकं येत नाहीये. तिचा चेहरा बरा दिसला नाही.

१० जून, मंगळवार

सकाळपासून धुकं. समोरचा धक्काही दिसत नाही. अँब्रोज पहाटेच एकटा जाळी काढायला गेलाय, त्याचा जोडीदार दात दुखतो म्हणून घरी राहिला. जेराल्डीन म्हणाली दुपारपर्यंत येईल. जेवणाच्या वेळी म्हणाली, चहापर्यंत. चहा झाला. बाकीच्या होड्या चाचपडत आल्या. त्याची नाही.

११ जून, बुधवार

आला नाही.

तटरक्षकांचं जहाज निघालंय, पण या धुक्यात ते तरी काय बघणार? त्याचा रेडिओ बोलत नाही. गावातल्या सगळ्या होड्या शोधायला गेल्या आणि एकमेकींना धडकायची वेळ आली तशा परत फिरल्या. पोरं पाळीपाळीने धक्क्यावरचा भोंगा वाजवताहेत. तो थांबला की कान टवकारायचे, आणि काहीच ऐकू येत नाही.

मी शहरात वाढलेली बाई आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी एक कडवं म्हटलं म्हणून समुद्र कुणाची होडी गिळत नाही. हे मी आज दिवसभर स्वतःला बजावतेय. पण मी म्हटलं, हे खरं. 'पाचही गेले' असं म्हटलं, खिडकी उघडी टाकून, वर शेवटचे शब्द बोलून शिक्कामोर्तब केलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो माझ्या घरावरूनच धक्क्याकडे गेला. मी बुटांचा आवाज ऐकला होता. कूस बदलून झोपले.

फॉन्सच्या दुकानात कोणी मला काही बोललं नाही. दोघींनी हात दाबला. माझा का दाबला कुणास ठाऊक, जेराल्डीनचा दाबायचा.

जेराल्डीनकडे गेले. ती पाव मळत होती, इतका की सगळा गाव जेवावा. मी म्हटलं, "जेराल्डीन, मी ते कडवं..."

"गप गं." कणकेचा हात तसाच माझ्या खांद्यावर ठेवला. "तुझ्या गाण्याने बुडायला आमचा अँब्रोज काय कागदाची होडी आहे?" आणि मग रडायला लागली. मीही रडले. तिची निदान बहिणीची माया आहे. मला एवढं रडू का यावं ते कळेना. आठवड्यातून एकदा येऊन 'जी' वाजवणारा माणूस!

घरी आले आणि माझं कडवं स्टोव्हमध्ये घातलं. अँब्रोज ज्या खुर्चीत बसतो ती खिडकीपाशी तशीच आहे. तिच्यावर गिटार ठेवली, मग काढली. देवा, त्याला आण. तो आला तर 'एफ'चं नाव काढणार नाही.

१२ जून, गुरुवार

आला. आला. आला.

आता नीट लिहिते. चार वाजले होते. गुरुवारी चारला त्याचा क्लास असतो, म्हणून मी मूर्खासारखी गिटार लावत बसले होते. जेराल्डीन माझ्याचकडे होती. तिला घरी बसवत नव्हतं. तेवढ्यात बाहेरून भोंगा, आरडाओरडा, आणि कोणीतरी चर्चची घंटा बडवायला लागलं. आम्ही उठतोय तोच दार वाजलं.

दारात अँब्रोज. दाढी वाढलेली, टोपीतून पाणी गळतंय, बुटांतून पाणी, माझ्या उंबऱ्यात हे एवढं तळं. मागे अर्धा गाव, पण पायऱ्यांपाशी थांबलेला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "चहा टाक, मेना. मी आलोय."

इतकी वर्षं 'बाई' आणि 'तुम्ही', आणि आज एकदम नावाने. थकव्याने भान सुटलं असेल. मला मात्र इतका संताप आला, इतका की मी ओरडलेच. "आधी पायपुसण्यावर उभे राहा! अक्कल आहे का? रेडिओ कुठे होता? दोन रात्री! दोन रात्री माणसं इथे..." आणि त्याच्या ओल्या छातीवर एक गुद्दा मारला.

जेराल्डीन रडत होती आणि हसतही होती, आणि तिने त्याला भलतंच सुनावलं. "अँब्रोज व्हिफन! जून महिना आहे, जून! सगळ्यांच्या होड्या पाण्यात!"

"मी तर आलोय ना?" तो म्हणाला. "मग?"

जूनचा काय संबंध ते मला कळलं नाही. पायऱ्यांपाशी उभ्या असलेल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. शेवटी चहा जेराल्डीननेच टाकला, कारण मी अजून त्याच्यावर ओरडतच होते. त्याच्या होडीच्या पंख्यात दोर अडकला, ती वाहत गेली, रेडिओत पाणी शिरलं, मग एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकून धुकं उठायची वाट बघत कडक बिस्किटं चघळत बसला. एवढीच हकिगत त्याने चार वाक्यांत सांगितली. तीन कप चहा प्यायला. मग जेराल्डीन त्याला त्याच्या घरी घेऊन गेली. तोवर तो घरी गेलेलाच नव्हता. माझं घर धक्क्याच्या वाटेवर पडतं, म्हणून आधी इथे आला असेल.

किती हलकं वाटतंय! उंबऱ्यातलं तळं पुसायचं राहिलंय. राहू दे.

१३ जून, शुक्रवार

मावशीला जाऊन सगळं सांगितलं, माझ्या कडव्यासकट.

"सगळ्यांना बुडवलंस?" मावशीचे डोळे चमकले.

"मग काय करणार? तुम्ही म्हणू देत नाही, त्यावरून मी समजले की त्यात काहीतरी भयंकर असणार."

"पोरी, बुडाल्याची गाणी म्हणायला आम्हाला कसली आलीय बंदी? ती तर आम्ही भांडी घासताना म्हणतो." आणि इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाली, "तुझ्या उंबऱ्यात काल फार पाणी झालं होतं म्हणे?"

गावात काही लपून राहत नाही. मावशी म्हातारी झाली, बोलता बोलता विषय सोडून देते.

३० जून, सोमवार

हिस्कॉकबाईंना फोन केला. शेवटचं कडवं येणार नाही. त्या म्हणाल्या, मग तुम्हीच काहीतरी जुळवा, कुणाला कळतंय? मी म्हटलं, जुळवून झालं, जाळूनही झालं. जागा कोरी सोडा आणि खाली छापा: 'यापुढचं कडवं गॅनेट कोव्हला, होड्या वर ओढल्यावर.' त्या म्हणाल्या, तुमचं पुस्तक, तुमची मर्जी.

अँब्रोज गुरुवार चुकवत नाही. पुन्हा 'बाई' आणि 'तुम्ही'वर आलाय. का कोण जाणे, मला ते आवडलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पुस्तकं आली! निळं मुखपृष्ठ, शाईचा वास. फॉन्सने दुकानात चहाच्या डब्यांशेजारी मांडून ठेवली. प्रत्येक जण आधी ते कोरं पान उघडतो, मान डोलावतो आणि मग पुस्तक घेतो. फॉन्स म्हणाला, "आख्ख्या पुस्तकात हे पान तू एकदम बरोबर लिहिलंयस." मेला कुठला!

मावशीने आपलं गाणं बोटाने शोधलं. वाचता येत नाही तिला फारसं. कोऱ्या जागेवर हात फिरवला आणि पुस्तक उशीखाली ठेवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अँब्रोज 'सी' वाजवू शकतो! चेचलेलं बोट वाकडं करून, भलत्याच बाजूने, पण सूर खणखणीत आला. मी खुर्चीतून उडालेच. म्हटलं, "कधी शिकलात?"

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला.

"मग इतके दिवस वाजवला का नाही?"

"वाजवला असता तर तुम्ही म्हणाला असता, आता तुमचं तुम्हाला येतंय."

विक्षिप्त आहे. जाताना दारात टोपी हातात फिरवत उभा राहिला. "यंदा टॅक्सीत तुमची बॅग टाकायला येऊ की नको?"

मी म्हटलं, विचार करून सांगते.

१ डिसेंबर, सोमवार

टॅक्सी माझ्याशिवाय गेली. शहरात कळवून टाकलं की या हिवाळ्यात माझ्याऐवजी दुसरं कुणी बघा. पैशाची ओढाताण होईल, होऊ दे. कडव्यासाठी थांबतेय. एवढी वर्षं ज्याच्या मागे लागले ते ऐकायला नको? जेराल्डीनला हेच सांगितलं, तर म्हणाली, "हो हो, कडव्यासाठीच."

१३ डिसेंबर, शनिवार

हात सोलवटलेत, म्हणून अक्षर असं येतंय. आज शेवटची होडी वर ओढली, अँब्रोजची. सगळा गाव रहाटाला लागला होता, मीही. होडी दगडांवर टेकली तेव्हा पुरुषांनी टोप्या काढल्या. किनारा पहिल्यांदाच असा बघितला, सगळ्या होड्या ओळीने वर आणि पुढे नुसतं रिकामं पाणी. मला वाटायचं हिवाळ्यात इथे भकास वाटत असेल. उलट फार निवांत वाटलं.

जेवणं आटोपून सगळे मावशीच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसले. मी गिटार नेली नव्हती. मावशीने मला जवळ बोलावलं आणि माझा हात हातात घेतला. इथे गाणाऱ्याचा हात कुणीतरी धरायचा असतो आणि सुराबरोबर हलवत राहायचा. मान मोठा असतो. मावशीचा हात पिसासारखा हलका.

पाच जण गेले, वारा फिरला, धुकं उतरलं. दिवे लावून बायका बसल्या. नेहमी जिथे तोंड मिटते तिथे मावशीने श्वास घेतला, माझा हात घट्ट धरला, आणि पुढे गायली:

पहाट झाली, दार वाजलं, उंबऱ्यामध्ये पाणी,
ओले बूट नि ओली टोपी, ओळखीची वाणी...

आणि सूर सोडून, शेजारच्याला सांगावं तसं बोलली: "चहा टाक. मी आलोय."

ते घरी येतात. सगळे घरी येतात, आणि म्हणूनच होड्या पाण्यात असताना ते म्हणायचं नाही. आले असं म्हणायचं ते आल्यावरच. एवढी साधी गोष्ट माझ्या शहाण्या डोक्यात शिरली नव्हती. हे मला आधी कळलं. दुसरं कळायला थोडा वेळ लागला, कारण टाळ्या वाजल्या नाहीत. वर बघितलं तर मावशीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त अँब्रोज आपल्या बुटांकडे बघत होता, आणि त्याचे कान लालभडक झाले होते.

उंबऱ्यात पाणी. टोपीतून पाणी. चहा टाक, मेना.

"पेटली ट्यूब," जेराल्डीन म्हणाली. "सहा महिन्यांनी!"

"आणि मी काय म्हणाले होते?" मी कशीबशी म्हणाले. मला आठवत होतं, पण मला तोंडातून काहीतरी काढायचं होतं.

अँब्रोजने मान वर केली. "पायपुसण्यावर उभे राहा म्हणालात."

स्वयंपाकघर हसण्याने दणाणलं. मावशीने माझा हात सोडला आणि त्याच हाताने मला हळूच पुढे ढकललं. मला तेव्हा काय वाटत होतं ते लिहायला लाजायचं वय राहिलं नाही. मला आनंद झाला होता, आणि जूनमध्ये जेराल्डीनच्या कणकेत मी का रडले होते तेही कळलं होतं.

"बूट कोरडे आहेत ना तुझे?" मी विचारलं.

"कोरडे आहेत," तो म्हणाला.

मी उठले, किटली भरली आणि चुलीवर चहा टाकला.